लहान कुत्र्याला खेळताना आणि हाताळताना दात न लावण्याची सवय कशी लावावी

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या घरी बुंदी आली तेव्हा ती माझ्या दोन तळहातांत मावत होती. पांढरे पॉमेरियन पिल्लू. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई तिला मांडीवर घेऊन कुरवाळत होत्या आणि तिने त्यांच्या मनगटाजवळ दात लावले. सासूबाई रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात, त्यामुळे सुईच्या टोकाएवढ्या दोन खुणांमधूनही रक्त लवकर थांबेना. "अगं, लहान आहे ती, दात शिवशिवताहेत तिचे," असे त्याच मला समजावत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेले आणि रेबीजच्या लसी सुरू झाल्या.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत आम्ही जे शिकलो, त्यातले बरेचसे आधी चुकून आणि मग सुधारून शिकलो. तुमच्या घरी नुकतेच पिल्लू आले असेल, तर त्या चुका तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

एक भेद सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. खेळाच्या भरात लागणारे दात आणि हाताळताना लागणारे दात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळताना पिल्लू चावते, कारण जबडा किती जोरात मिटावा हे ते अजून शिकलेले नसते. उचलताना, केस विंचरताना किंवा नखे कापताना ते चावते, तेव्हा त्याला "नको" म्हणायचे असते, आणि बहुतेक वेळा ते त्याने आधी दुसऱ्या रीतीने म्हटलेलेही असते. लॅब्राडॉरने मान फिरवली तर माणूस हात मागे घेतो. पॉमेरियनने फिरवली तर आपण तिला उचलून गालाशी धरतो. लहान कुत्र्याचे म्हणणे त्याच्या आकारामुळे कोणी मनावर घेत नाही, आणि मग दात लावल्यावरच हात मागे जातो हे त्याला कळते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

लागणारे साहित्य

- हात दीड हात लांब, जाड सुती दोरीचे ओढायचे खेळणे, आणि तसेच दुसरे एक
- चघळण्यासाठी पोकळ रबरी खेळणे, ज्यात थोडे अन्न भरता येते
- मऊ खाऊ : बिनमिठाचे पनीर किंवा उकडलेली कोंबडी, हिरव्या वाटाण्याएवढे तुकडे करून
- छातीभोवती बसणारा हार्नेस आणि हलका पट्टा
- दाराला आडवी लावायची गुडघ्याएवढी जाळी (आम्ही सुताराकडून लाकडी करून घेतली)
- मऊ ब्रश, रुंद दातांचा कंगवा, कुत्र्यांचे नेल कटर
- एक छोटी वही आणि लसीकरणाचे कार्ड

खाऊबद्दल एक सूचना. पिल्लू दोन-तीन किलोंचे असते, त्यामुळे दिवसभरात दिलेले तुकडे त्याच्या जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल असलेले साखरविरहित गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात. शिऱ्यातले बेदाणे "एकच तर दिला" म्हणून देणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असते, त्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

१. वय, दात आणि लसी तपासून घ्या

विक्रेत्याने आम्हाला बुंदी पूर्ण दोन महिन्यांची असल्याचे सांगितले होते. पशुवैद्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले आणि मागच्या दाढा अजून पूर्ण आलेल्या नाहीत, ती जेमतेम सहा आठवड्यांची असावी, असे सांगितले. आपल्याकडे २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. जोरात चावले की भावंड ओरडते आणि खेळ सोडून जाते, आईला दात लागले की ती उठून निघून जाते. जबड्याचा जोर आवरायला पिल्लू या आठवड्यांतच शिकू लागते. लवकर तोडून आणलेल्या पिल्लाचा हा अभ्यास अपुरा राहतो आणि तो आपल्याला घरी पूर्ण करून घ्यावा लागतो. हे कळल्यावर माझा बुंदीवरचा राग ओसरला.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि ते टाचणीसारखे अणकुचीदार असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. या मधल्या काळात हिरड्या दुखतात, चघळण्याची ओढ वाढते. तेव्हा ओला करून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलेला सुती कपडा चघळायला द्यावा आणि त्याचे धागे निघत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे. मात्र पक्के दात आले की चावणे आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नका. सात महिने ज्या पिल्लाने हातांशी दातांनी खेळले, ते पक्क्या दातांनीही तसेच खेळते.

रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. तारीख पशुवैद्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. आठवडाभर नुसती नोंद करा

पिल्लू केव्हा, कुठे आणि कोणाला चावते, हे सात दिवस लिहून काढा. आमच्या वहीत संध्याकाळी सात ते नऊ हा काळ लाल शाईने भरून गेला. त्या वेळी मुलगा शाळा-शिकवणी उरकून घरी असायचा, यजमान कामावरून आलेले असायचे, सासूबाईंच्या मैत्रिणी बसायला यायच्या आणि प्रत्येक जण बुंदीला उचलायचा. एवढे लहान पिल्लू दिवसात १८ ते २० तास झोपते. बुंदी दुपारी चारपासून झोपलेलीच नसायची. अतिश्रमाने लहान मूल किरकिरते तसे पिल्लू चावरे होते. साडेपाच ते सात आम्ही तिला आतल्या खोलीत, अंधार करून, झोपू देऊ लागलो आणि संध्याकाळच्या चाव्यांच्या नोंदी चार दिवसांत निम्म्यावर आल्या, तेही कोणतेही शिक्षण सुरू करण्याआधी.

वहीतली दुसरी ठळक नोंद झाडूची होती. कामाला येणाऱ्या मावशी झाडू फिरवू लागल्या की बुंदी आधी झाडूवर आणि मग त्यांच्या घोट्यांवर धावायची. पदर, ओढणी, पायजम्याची लोंबती नाडी यांचेही तेच. हलणारी, फरफटत जाणारी वस्तू पकडणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. तेव्हा झाडू-पोछा होईपर्यंत पिल्लू जाळीपलीकडे, भरलेले रबरी खेळणे घेऊन बसलेले असावे, पदर खोचलेला असावा. यात शिकवणे काही नाही, पण चुकीचा सराव रोज दोनदा होत राहिला तर शिकवलेले टिकत नाही.

३. हाताने खेळणे बंद, खेळण्याने खेळणे सुरू

बोटे नाचवून पिल्लाला डिवचणे, पालथे पाडून पोटाला गुदगुल्या करणे, पांघरुणाखालून पाय हलवणे, हे घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बंद करावे. खेळणे लांब हवे, म्हणजे पिल्लाचे तोंड आणि तुमची बोटे यांत अंतर राहते. ते जमिनीवरून सापासारखे वळवत पिल्लापासून दूर न्या. तोंडापुढे झुलवू नका, कारण मग ते उडी मारून हात पकडते. ओढाओढी हळू करा आणि आडवी करा. वर उचलून झटके दिल्यास पिल्लाच्या मानेला आणि दातांना इजा होऊ शकते.

ओढाओढीने कुत्रा आक्रमक होतो, असे मला अनेकांनी सांगितले होते. आमचा अनुभव उलट आहे, कारण या खेळातच "सोड" शिकवता येते. अर्ध्या मिनिटानंतर ओढणे थांबवा, खेळणे स्वतःच्या मांडीशी स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने पनीरचा तुकडा नाकापाशी न्या. तोंड उघडताच "सोड" म्हणा, तुकडा द्या आणि लगेच खेळ पुन्हा सुरू करा. सोडल्याने खेळ संपत नाही हे कळले की पिल्लू आनंदाने सोडते.

४. दात लागला, खेळ थांबला

दात कातडीला किंवा कपड्याला लागला की त्याच क्षणी तुम्ही दगडासारखे स्थिर व्हा. हात झटकू नका. झटकलेला हात पळणाऱ्या सावजासारखा वाटतो आणि पकड घट्ट होते. शांतपणे एकच शब्द म्हणा (आम्ही "संपलं" म्हणतो), उठा, जाळी ओलांडून पलीकडे जा आणि वीस-तीस सेकंद पाठ करून उभे राहा. मग परत येऊन काही झालेच नाही अशा रीतीने खेळणे पुढे करा. पुन्हा दात लागला तर पुन्हा जा. लागोपाठ तीन-चार वेळा झाले, तर पिल्लू थकलेले आहे असे समजून झोपवा.

येथे चार ठिकाणी हमखास गाडी अडते.

पहिले, वेळ. थांबणे दात लागल्यापासून एक-दोन सेकंदांत व्हायला हवे. "थांब, एवढा निरोप पाठवते आणि मग उठते" असे केल्यास पिल्लाला दोन्हींचा संबंध लागत नाही.

दुसरे, ओरडणे. भावंडाप्रमाणे "आई गं" असे किंचाळावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. काही पिल्ले त्याने थबकतात. बुंदी मात्र दुप्पट चेकाळायची. दोनदा करून पाहा, चेकाळत असेल तर सोडून द्या.

तिसरे, पाचव्या-सहाव्या दिवशी चावणे कमी होण्याऐवजी एकदम वाढते. आजवर दात लावले की माणूस खेळत होता, आता खेळत नाही, म्हणून पिल्लू जुनाच उपाय अधिक जोराने करून पाहते. बहुतेक घरे नेमकी येथे हार मानतात आणि नाकावर टिचकी मारण्याकडे वळतात. आम्हीही सहाव्या दिवशी तेच ठरवण्याच्या बेतात होतो. दहाव्या दिवशी बुंदीने माझा अंगठा तोंडात घेतला, दात न दाबता तसाच ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि स्वतःहून सोडून दोरी आणायला गेली. त्या एका क्षणी तिला कळले आहे हे मला कळले.

चौथे, घरातला एखादा माणूस. आमच्याकडे यजमान "मला चालतं, मला लागत नाही" असे म्हणून हात चावू देत असत. त्यांच्या हाताला लागत नाही हे खरे, पण सासूबाईंचा हात आणि त्यांचा हात यांतला भेद सहा आठवड्यांच्या पिल्लाने कसा करावा? एका माणसाने सूट दिली की बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

टिचकी, मुस्कट दाबून धरणे, मानेला धरून उताणे पाडणे, हाताला तिखट किंवा कडुनिंबाचा रस लावणे, यांतले काहीही करू नका. याने पिल्लू मऊ खेळायला शिकत नाही. येणारा हात दुखवतो, एवढेच शिकते, आणि पुढची पायरी त्यामुळे कितीतरी अवघड होऊन बसते.

५. हातातून खाऊ घेण्याची रीत

तुकडा मुठीत मिटून पुढे करा. पिल्लू चावेल, नखाने ओरबाडेल; मूठ उघडू नका, मागेही घेऊ नका. ते चाटू लागले किंवा क्षणभर मागे सरले की तळहात सपाट उघडा. रोज जेवणाआधी पाच-सहा वेळा केले की आठवड्याभरात फरक दिसतो. मुलांना चिमटीतून खाऊ देऊ देऊ नका, सपाट तळहातावरूनच द्यायला लावा.

६. हाताळणीची सवय

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. मोठ्या कुत्र्यापेक्षा लहान कुत्रा दिवसात कितीतरी जास्त वेळा हाताळला जातो. पॉमेरियन, शित्झू किंवा ल्हासा असेल तर विंचरणे जवळजवळ रोजचे, त्यात डोळे पुसणे, कान पाहणे, पावसाळ्यात गोचीड शोधणे.

मूळ कृती सोपी आहे, पण तिचा क्रम चुकवू नये. आधी स्पर्श, मग खाऊ. खांद्याला एक सेकंद हात लावा, हात काढा, तुकडा द्या. तुकडा आधी दाखवून त्याच्या आडून कान धरला, तर थोड्याच दिवसांत तुकडा दिसताच पिल्लू सावध होते, कारण तुकड्यामागून काहीतरी नको असलेले येते हे ते ओळखते. मी पहिले दोन आठवडे हीच चूक केली आणि पनीर पाहून पलंगाखाली जाणारी बुंदी पाहून मला फार वाईट वाटले.

खांदा, पाठ, छाती यांपासून सुरुवात करून कान, पंजे, शेपूट यांकडे या. एका बैठकीत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. दिवसात तीन बैठका पुरेत. प्रत्येक अवयवाला स्पर्श झाल्यावर पिल्लू "आता दे" अशा नजरेने तुमच्या हाताकडे पाहू लागले की मगच पुढे जा.

उचलणे. पुढच्या दोन पायांच्या बगलेत धरून वर ओढू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि पाठ आडवी. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला हे फारच आवश्यक आहे, कारण त्या जातीत मणक्याचे दुखणे सर्रास आढळते. उचलण्याआधी नेहमी एकच शब्द म्हणा, जसे "वर", आणि एक सेकंद थांबा. पिल्लू अंग आकसून जमिनीला चिकटले, तर उचलू नका. दोन पावले मागे होऊन त्याला तुमच्याकडे बोलवा.

विंचरणे. गुंता कानामागे आणि काखेत होतो. गुंत्याच्या मुळाशी, कातडीच्या बाजूने केस दोन बोटांत धरा आणि मगच टोकाकडून कंगवा लावा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोहोचत नाही. आम्ही बुंदीला हनुवटी माझ्या तळहातावर टेकवायला शिकवले. हनुवटी टेकलेली असेपर्यंत ब्रश फिरतो. तिने उचलली की ब्रश थांबतो. सुरुवातीला ती दर दोन सेकंदांनी उचलून खरेच थांबते का हे पाहायची. दर वेळी थांबते याची खात्री झाल्यावर ती हनुवटी टेकून डोळे मिटू लागली.

नखे. पहिले तीन दिवस कटर नुसते जमिनीवर ठेवा आणि त्याच्या आजूबाजूला तुकडे टाका. मग पिल्लाजवळ बसून कटरने कोरड्या शेवया कापा. कट्-कट् आवाज झाला की तुकडा. मग कटर नखाला नुसते टेकवा. नंतर एका दिवसात एकच नख, तेही टोक. पांढऱ्या नखातली रक्ताची शीर गुलाबी दिसते, तिच्या अलीकडे कापावे. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढाव्यात. पंजाच्या वर आत असलेले अंगठ्याचे नख जमिनीला घासत नाही, त्यामुळे ते वळून कातडीत रुतू शकते. ते विसरू नका.

७. दातांआधीचे "नको" ओळखा

झोप आलेली नसताना जांभई, खाणे नसताना नाक चाटणे, मान दुसरीकडे वळवणे, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, कान मागे चिकटणे, एक पंजा वर धरणे. आणि मग अंग ताठ होऊन श्वास रोखला जाणे. या खुणांपैकी एक दिसली तरी हात काढा. काम राहिले असेल तर अर्ध्या तासाने, अधिक सोप्या टप्प्यापासून करा.

गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. रागावल्याने गुरगुरणे बंद पडते, त्यामागची भीती तशीच राहते, आणि मग कुत्रा कोणतीही सूचना न देता थेट चावतो.

"मग तो डोक्यावर बसेल" असे मला शेजारच्या काकूंनी बजावले होते. तसे झाले नाही. मान वळवल्याने हात थांबतो हे कळलेल्या कुत्र्याला दात वापरण्याची गरज पडत नाही, हे मी माझ्या घरात रोज पाहते.

८. मुले, पाहुणे आणि सण

दहा वर्षांखालील मूल आणि पिल्लू यांना एकत्र सोडून खोलीबाहेर जाऊ नका, दाराची घंटा वाजली तरीही. मुलाला तीन नियम पाठ करून द्या : झोपलेल्या आणि खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, उचलायचे नाही, आणि तो मागे लागला तर पळायचे नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखे उभे राहायचे.

गणपतीत आमच्याकडे संध्याकाळच्या आरतीला वीस-पंचवीस माणसे जमतात. झांजा, टाळ्या, प्रसादासाठी धावणारी मुले. या गोंधळात पिल्लाकडून शहाणपणाची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. आरतीच्या आधी त्याला फिरवून आणा आणि आतल्या खोलीत पंखा लावून, भरलेले खेळणे देऊन ठेवा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक, निघते, त्या दिवशी कॉलनीतही रंगलेले चेहरे आणि पिचकाऱ्या असतात. बुंदी दुपारपर्यंत घरातच असते. दिवाळीतही तसेच. पाहुण्यांना "काही करत नाही ती, घ्या ना" असे म्हणून कुत्रा हातात देऊ नका. पाहुणा खाली बसेल, कुत्रा स्वतः जवळ येईल आणि पाहुणा छातीला किंवा खांद्याला दोन-तीन सेकंद हात लावून थांबेल, हे पुरेसे आहे.

९. ओरखडा उठला किंवा रक्त आले तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटे बरीच मोठी असतात. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. नंतर जंतुनाशक लावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पिल्लाचे वय व लसीकरण सांगा. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून "घरचंच पिल्लू आहे" किंवा "रक्त कुठे आलंय" अशा कारणांनी लस नको, हे घरच्या घरी ठरवू नये.

१०. पशुवैद्यांकडे केव्हा जावे

आधी शांत असलेला कुत्रा अचानक स्पर्शाला चावू लागला, तर शिकवणे थांबवून प्रथम तपासणी करून घ्या. कान दुखत असतो, गुडघ्याची वाटी सरकलेली असते (लहान जातींत हे वारंवार होते), पाठ किंवा दात दुखत असतो. लहान जातींत दुधाचे सुळे न पडता पक्क्या सुळ्यांशेजारी तसेच राहण्याचा दोषही पुष्कळदा दिसतो; सहा-सात महिन्यांच्या सुमारास तोंड उघडून पाहा, एकाच जागी दोन सुळे दिसले तर ते काढावे लागतात. बुंदीचा वरचा डावा सुळा असाच राहिला होता, आणि त्या बाजूच्या गालाला हात लावला की ती का फिरते याचा उलगडा तेव्हा झाला. इंदूरकरांना शहरातल्या दवाखान्यांखेरीज महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे. ते १९५५ पासून चालू आहे आणि येथून तासाभराच्या अंतरावर आहे.

जाताना वही, लसीचे कार्ड आणि चावण्याआधीच्या काही क्षणांचे मोबाइलवर घेतलेले चित्रण बरोबर न्या. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा घाबरून वेगळाच वागतो, त्यामुळे घरचे चित्रण डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते. आणि तपासणीची भीती घालवायची असेल, तर काही काम नसताना दोन-तीन वेळा नुसते दवाखान्यात जाऊन या : वजनकाट्यावर उभे करा, पनीरचा तुकडा द्या, घरी परत या. मागच्या आठवड्यात बुंदी काट्यावर स्वतःहून चढली आणि डॉक्टरांनी कान पाहण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा तिने हनुवटी त्यांच्या तळहातावर टेकवली.